खासगी ले-आउटमधील रस्ते महापालिकेच्या ताब्यात कधी जातात, आणि ते कोण ठरवते? सांगलीतील प्लॉटधारकांसाठी मार्गदर्शन

विश्रामबाग, कुपवाड किंवा मिरज रस्त्याच्या आसपासच्या वसाहतीत प्लॉट घेऊन घर बांधलेल्या कुटुंबाला घरपट्टीचे बिल वेळेवर येते, नळजोडणी मिळते, कचऱ्याची घंटागाडीही दारात येते. दोन पावसाळ्यांत डांबर उखडले आणि गटार तुंबले, की मात्र महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात एकच उत्तर मिळते: तो रस्ता आमच्याकडे हस्तांतरित झालेला नाही. बिल्डरकडे जावे तर तो म्हणतो, काम संपवून मी केव्हाच मोकळा झालो. दोघांच्या मधल्या या जागेत सांगली, मिरज आणि कुपवाडमधील अनेक वसाहती वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या आहेत. त्यातून बाहेर पडण्यासाठी निर्णय नेमका कोणाच्या हातात असतो हे प्रथम समजून घ्यावे लागते, कारण बहुतेक अर्ज चुकीच्या टेबलावर जातात आणि तेथेच पडून राहतात.

सर्वांत रूढ गैरसमज घरपट्टीविषयी आहे. मालमत्ता कर हा घरावर किंवा भूखंडावर बसतो, आणि परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या बांधकामालाही तो शास्तीसह लावला जातो. त्यामुळे कर भरल्याची पावती हा रस्ता सार्वजनिक झाल्याचा पुरावा ठरत नाही. रेखांकन, म्हणजे ले-आउटचा नकाशा, मंजूर झाले म्हणून त्यातील रस्ते आपोआप महापालिकेचे होत नाहीत, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानेही होत नाहीत, आणि गावाची हद्द शहरात आल्यानेही होत नाहीत. साताऱ्यात २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरीसारखा भाग नगरपरिषदेत आला, तेव्हा ग्रामपंचायतीच्या ताब्यात जे होते तेवढेच नगरपरिषदेकडे गेले. जो रस्ता ग्रामपंचायतीच्या दप्तरीही मूळ जमीनमालकाच्या नावावर होता, तो हद्दवाढीनंतरही त्याच्याच नावावर राहतो.

निर्णय कोणाचा?

सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी स्थापन झाली आणि तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतो. खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करण्याचा अधिकार या अधिनियमाने आयुक्तांना दिलेला आहे. नगरसेवक, महापौर किंवा स्थायी समिती यांच्याकडे तो नाही. रस्ता सपाट करून खडीकरण किंवा फरसबंदी केलेली आहे, सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची सोय झालेली आहे, आणि हे सर्व काम समाधानकारक आहे, असे आयुक्तांचे मत झाले तर ते तशी घोषणा करू शकतात. याच्या पुढची ओळ मात्र प्रत्येक प्लॉटधारकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. रस्त्यावर दिव्यांची समाधानकारक सोय असेल, रस्त्याखालील जमिनीचा शासकीय सारा, म्हणजे जमीन महसूल, भरलेला असेल आणि रस्त्याच्या मालकाने किंवा मालकांपैकी कोणीही तशी मागणी केली असेल, तर घोषणा करणे हे आयुक्तांच्या मर्जीवर राहत नाही, ते कर्तव्य होते. म्हणजे "घेऊ शकतात" आणि "घेतलेच पाहिजे" यांमधील अंतर दिव्याचे खांब, सारा भरल्याची पावती आणि मालकाचा अर्ज एवढ्यावर येऊन ठेपते.

घोषणा लेखी नोटिशीने होते आणि ती नोटीस त्या रस्त्यावरच लावली जाते. नोटीस लागल्यापासून एक महिन्याच्या आत त्या रस्त्याच्या, किंवा रस्त्याच्या बहुतांश भागाच्या, मालकाने लेखी हरकत घेतली तर रस्ता सार्वजनिक होत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा, की रस्त्याखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ शेतकरी कुटुंबाच्या नावावर असेल, तर नकाराधिकार त्यांच्याकडे राहतो. आयुक्त, रस्त्याचा मालक आणि जागेवर जाऊन अहवाल देणारा शहर अभियंत्याचा विभाग, या तिघांचे एकमत झाल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. नगरसेवकाचे महत्त्व त्यानंतर सुरू होते, कारण सार्वजनिक झालेल्या रस्त्यावर डांबरीकरणासाठी तरतूद करणे हा अंदाजपत्रकाचा, म्हणजे स्थायी समिती आणि महासभेचा विषय आहे. सभागृहाची मुदत संपून प्रशासक नेमलेला असेल तर ही दोन्ही कामे एकाच टेबलावर येतात, आणि अशा काळात प्रकरणे काहीशी सोपी होतात असे म्हणण्यास हरकत नाही.

तासगाव, विटा किंवा सातारा येथे नगरपरिषद आहे, आणि तिचा कायदा वेगळा, १९६५ चा आहे. तेथे विषय परिषदेच्या सभेपुढे ठरावासाठी येतो आणि मुख्याधिकारी त्याची अंमलबजावणी करतात. माधवनगर, बुधगाव, हरिपूर यांसारख्या शहराला लागून असलेल्या गावांत ग्रामपंचायतीचा ठराव आणि नमुना २३ मधील रस्त्यांच्या नोंदवहीतील नोंद या दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. गावाकडे "रस्ता तेवीस नंबरला लागला का?" असे विचारले जाते ते याच नोंदवहीविषयी.

आपली वसाहत कोणत्या प्रकारची आहे?

पुढची सर्व वाट या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन असलेला प्लॉटचा ले-आउट हा हस्तांतरणाचा सरळ विषय आहे. एकाच भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या संकुलातील, कुंपणाच्या आतले रस्ते हा तसा विषय नाही. ते सोसायटीची सामाईक मालमत्ता असतात आणि त्यांची देखभाल सोसायटीलाच करावी लागते. संकुलातून विकास आराखड्यातील रस्ता जात असेल तर तो स्वतंत्र मार्गाने, मोबदला किंवा विकास हक्क देऊन महापालिकेकडे येतो आणि त्याची या लेखातील प्रक्रियेशी सरमिसळ करू नये.

तिसरा प्रकार सांगलीचा अगदी स्वतःचा म्हणावा असा आहे, तो म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे साध्या कागदावर विकून उभ्या राहिलेल्या वसाहतींत रेखांकनच मंजूर नसते, रस्ता पुष्कळदा दहा-बारा फुटांचा असतो आणि मोकळी जागा नावालाही नसते. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाचे पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते, त्यामागे निचऱ्याची आखणी न करता झालेली ही वाढही आहे. अशा वसाहतींसाठी २००१ चा गुंठेवारी विकास अधिनियम आहे. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू होता आणि २०२१ मधील दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. येथे हस्तांतरणाचा अर्ज करण्यापूर्वी नियमितीकरणाचा प्रस्ताव द्यावा लागतो. प्रशमन शुल्क (अनियमितता माफ करून घेण्याची रक्कम) आणि विकास शुल्क भरून नियमितीकरण झालेले असेल, तर वसाहतीतून एकूण किती रक्कम जमा झाली आणि त्यातून तेथे कोणती कामे झाली, हे माहिती अधिकारात जरूर विचारावे. वसाहतीत सुविधा पुरवाव्यात याच हेतूने ही शुल्के घेतली जातात, त्यामुळे "निधी नाही" हे उत्तर अशा वसाहतीला देताना अधिकाऱ्यांना थोडा विचार करावा लागतो.

कागद गोळा करणे

या कामातील नव्वद टक्के कष्ट येथेच आहेत, आणि बहुतेक रहिवासी संघ नेमकी हीच पायरी वगळून निवेदनांवर सह्या गोळा करत बसतात. पहिला कागद म्हणजे मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि सोबतचा आदेश. प्लॉट खरेदी करताना मिळालेली झेरॉक्स पुरेशी नसते. नगररचना विभागाकडून किंवा बिनशेती आदेश महसूल खात्याने दिलेला असेल तर त्या कार्यालयातून प्रमाणित प्रत घ्यावी. आदेशातील अटी शेवटपर्यंत वाचाव्यात, कारण रस्ते, गटारे आणि दिवे विकसकाने स्वखर्चाने करून द्यावेत अशी अट त्यात असते आणि पुढच्या सर्व पत्रव्यवहारात त्याच अटीच्या क्रमांकाचा आधार घ्यायचा असतो.

दुसरा कागद रस्त्याचा आणि मोकळ्या जागेचा सातबारा, किंवा सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. आपल्या प्लॉटचा उतारा प्रत्येकाजवळ असतो, रस्त्याचा उतारा मात्र क्वचितच कोणी काढून पाहिलेला असतो. रेखांकनानंतर भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक, बोलीभाषेत कजाप, तयार झालेले असेल तर रस्ते आणि खुली जागा यांना स्वतंत्र हिस्सा क्रमांक मिळालेले असतात. ते झाले नसेल तर अनेकदा रस्त्याचे क्षेत्र मूळ गटातच राहते आणि मालकाच्या निधनानंतर त्यावर वारसांची नावे चढतात. अशा वेळी वारसांना "हा तर रस्ता आहे" हे पटवून देण्यात जो काळ जातो, तो कोणत्याही सरकारी दिरंगाईपेक्षा मोठा असतो. म्हणून मूळ मालक किंवा त्यांचे कुलमुखत्यार हयात आहेत आणि बोलण्याच्या मनःस्थितीत आहेत, तोवर हे काम उरकावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

तिसरी गोष्ट मोजणी. नकाशावरील नऊ मीटरचा रस्ता जागेवर सात मीटर भरतो, कारण दोन्ही बाजूंच्या कुंपणांनी, पायऱ्यांनी आणि तुळशी-जास्वंदीच्या वाफ्यांनी आपापला वाटा घेतलेला असतो. अतिक्रमण असलेला रस्ता अभियंता ताब्यात घेण्याची शिफारस करत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करण्यापूर्वी रहिवाशांनी आपसात बसून वाफे आणि पायऱ्या मागे घेतल्या तर पुढचा मनस्ताप वाचतो. हे सांगणे सोपे आहे आणि करणे अवघड, कारण शेजाऱ्याच्या पायरीपुढे महापालिकेशी भांडण परवडले असे अनेकांना वाटते.

शहराच्या जुन्या भागातील वसाहतींनी आणखी एक शोध घ्यावा. महापालिका होण्यापूर्वीच्या सांगली किंवा मिरज नगरपालिकेने त्या रस्त्यावर सार्वजनिक निधीतून खडी, डांबर किंवा गटार केल्याची नोंद सापडली, तर तो रस्ता पूर्वीच सार्वजनिक झाला आहे असे म्हणण्यास मोठा आधार मिळतो. जुनी मोजमाप पुस्तके, कार्यादेश, ठराव पाहण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. "आमच्या रस्त्याचे काय झाले" असा प्रश्न विचारू नये. गट क्रमांक लिहून, त्या रस्त्याची महापालिकेच्या रस्ते नोंदवहीतील नोंद आणि त्यावरील खर्चाच्या कागदांची प्रत मागावी.

अर्ज, पाहणी आणि ताबा

अर्ज आयुक्तांच्या नावे करावा आणि त्याच्या प्रती शहर अभियंता व नगररचना विभागाला द्याव्यात. अर्जदार म्हणून रस्त्याच्या मालकाची सही असणे सर्वांत चांगले, आणि सोबत रहिवाशांच्या नोंदणीकृत संस्थेचा ठराव जोडावा. अर्जात एकच मागणी असावी: संयुक्त पाहणी करून, कायद्यातील निकषांनुसार रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करावा. त्याच अर्जात भटक्या कुत्र्यांपासून पाण्याच्या दाबापर्यंतच्या तक्रारी घातल्या, की तो सामान्य तक्रार म्हणून वेगवेगळ्या विभागांना वाटला जातो आणि मूळ मागणी हरवते.

संयुक्त पाहणीत अभियंता उणिवांची यादी काढतो. ती लेखी घ्यावी आणि त्यावर विकसकाच्या प्रतिनिधीची सही असेल असे पाहावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही विकसक अपुरे रस्ते घाईने महापालिकेच्या गळ्यात टाकू पाहतात आणि रहिवासीही "एकदाचे ताब्यात जाऊ दे" म्हणून गप्प बसतात. असा अपुरा रस्ता ताब्यात गेला तर तो दुरुस्तीच्या रांगेत सर्वांत मागे उभा राहतो आणि विकसकाची जबाबदारी मात्र संपते. याउलट, रस्ता खासगीच राहिला आणि त्याची अवस्था वाईट झाली, तर तो सपाट करून निचऱ्याची सोय करण्याची नोटीस आयुक्त रस्त्याच्या मालकाबरोबर त्या रस्त्यालगतच्या मिळकतधारकांनाही देऊ शकतात, आणि काम झाले नाही तर महापालिका ते करून खर्च वसूल करू शकते. म्हणजे काहीही न करता बसून राहणे हाही बिनखर्चाचा पर्याय नाही. उणिवा विकसकाकडून पूर्ण करून घेणे आणि मगच ताबा देणे हाच मार्ग रहिवाशांच्या हिताचा आहे.

उणिवा दूर झाल्यावर रस्त्याच्या जमिनीचा हस्तांतरणाचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावा. केवळ ताबा पावतीवर समाधान मानल्यास सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते आणि वीस वर्षांनी कोणी वारस रस्त्यावर हक्क सांगत उभा राहतो. दस्तानंतर फेरफार नोंद, आयुक्तांची नोटीस, एक महिन्याची मुदत, आणि शेवटी महापालिकेच्या रस्ते नोंदवहीत नोंद, या क्रमाने प्रकरण पूर्ण होते. पथदिव्यांचे वीजमीटर विकसकाच्या किंवा संघाच्या नावावर असतील तर तेही याच वेळी महापालिकेच्या नावे करून घ्यावेत, कारण मागाहून या बिलांवरून वाद होतात.

वसाहतीला फाटक आणि पहारेकरी असेल तर एक निर्णय रहिवाशांना स्वतःच घ्यावा लागेल. सार्वजनिक रस्त्यावर फाटक लावून परक्या माणसाला अडवता येत नाही. महापालिकेचे डांबर हवे आणि फाटकही हवे, अशी मागणी घेऊन अनेक संघ येतात आणि हात हलवत परततात.

मोकळी जागा देऊ नये

रस्त्याविषयी जे सांगितले ते मोकळ्या जागेला लागू नाही, आणि येथे घाई करणाऱ्यांना मी थांबवू इच्छितो. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतांश भागाला लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. ती रहिवाशांच्या सामाईक वापरासाठीच असते, तिची विक्री किंवा अन्य कोणाला भाडेपट्ट्याने देणे चालत नाही, आणि रहिवाशांची संस्था स्थापन झाल्यावर ती एक रुपया नाममात्र किमतीत संस्थेकडे हस्तांतरित करण्याचे हमीपत्र विकसकाने द्यायचे असते. जागेचा गैरवापर होत असल्याची खात्री झाली तर प्राधिकरण ती ताब्यात घेऊ शकते. दिल्ली महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही रेखांकनातील मोकळी जागा विनामूल्य महापालिकेच्या नावे करण्याची अट अमान्य केली होती आणि अशा जागेचा मालक ती रहिवाशांसाठी विश्वस्त म्हणून धारण करतो, अशी भूमिका घेतली होती. आमदार निधीतून बाग, व्यायामशाळा किंवा सभागृह हवे असेल तर जागा पालिकेच्या ताब्यात असल्याचा दाखला मागितला जातो आणि त्या मोहाने संघ जागा देऊन टाकतात. पुढे त्या जागेवर काय उभे राहील, हे ठरवण्याचा अधिकार मग त्यांच्याकडे राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात पाणी मुरण्यासाठी शिल्लक असलेली उघडी जमीन अशी सहज सोडू नये.

बिल्डर दाद देत नसेल तर

स्थावर संपदा अधिनियम २०१६ प्लॉटच्या प्रकल्पांनाही लागू आहे, मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे लहान प्रकल्प आणि १ मे २०१७ पूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेले प्रकल्प त्यातून वगळलेले आहेत. रहिवाशांची संस्था देखभाल हाती घेईपर्यंत वाजवी आकारात आवश्यक सेवा पुरवणे ही प्रवर्तकाची, म्हणजे विकसकाची, जबाबदारी आहे, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत कामातील किंवा सेवांतील दोष निदर्शनास आणल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. ही पाच वर्षे निघून जाण्याआधी महारेराकडे, म्हणजे या अधिनियमाखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार नोंदवावी. दोषाची तारीख सिद्ध करण्यासाठी अभियंत्याच्या संयुक्त पाहणीतील यादी येथे फार उपयोगी पडते.

महापालिका सर्व निकष पूर्ण होऊनही घोषणा करत नसेल, किंवा अर्जाला उत्तरच देत नसेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. निधी नसल्याचे कारण पुढे केले जाईल, तेव्हा रतलाम नगरपालिकेच्या १९८० मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांडपाणी आणि स्वच्छतेच्या मूलभूत कर्तव्यापुढे पैशाची अडचण हा बचाव मान्य केला नव्हता, हे वकिलांच्या निदर्शनास आणावे. मात्र मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत, रस्त्याचा सातबारा, लेखी अर्जाची पोच आणि पाहणीचा अहवाल हातात नसताना याचिका करण्यात अर्थ नाही. न्यायालय बहुधा आधी अर्ज करा आणि मग या असे सांगून परत पाठवते.

रस्ता ताब्यात गेल्यानंतर डांबराची वाट पाहताना आर्थिक वर्ष लक्षात ठेवावे. नवे अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होते आणि त्यातील कामांच्या याद्या प्रभाग स्तरावर हिवाळ्यातच तयार होऊ लागतात, म्हणून नोंदवहीतील नोंदीची प्रत जोडून डांबरीकरणाचे मागणीपत्र डिसेंबरच्या आत प्रभाग कार्यालयात आणि आपल्या प्रभागातील नगरसेवकांकडे द्यावे, आणि दोन्ही ठिकाणची तारखेसह पोच घ्यावी.